तिसऱ्या रांगेतली आई

पडद्याच्या कडेला बोटभर फट होती. प्रेक्षक किती आलेत ते बघायला मी डोळा लावला आणि तिसऱ्या रांगेत मला आई दिसली.

आधी वाटलं, दुसरंच कोणी असेल. पण तो डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, मांडीवर उभी धरलेली रेक्झिनची पिशवी, आणि आत्ता कोणीतरी येऊन ‘उठा’ म्हणेल अशा बेतानं खुर्चीच्या अगदी कडेला बसणं. आईच होती. शेजारची एक कॉलेजातली मुलगी तिला काहीतरी समजावत होती आणि आई मान हलवत होती. पावणेचार वाजले होते. चारला प्रयोग.

माझ्यामागे तन्वी उभी होती. आमच्या पाचजणांच्या गटातली सगळ्यांत लहान. तिनं विचारलं, किती लोक आहेत? मी म्हटलं, बरेच आहेत. आणि पडदा सोडला.

आईला मी बोलावलंच नव्हतं. पुण्यात सात वर्षं नाचत होते, पण एकाही प्रयोगाला तिला बोलावलं नव्हतं. गटात कोणी विचारलं तर मी सांगायची, आईला प्रवास झेपत नाही. जी बाई रोज दोन मैल चालून रानात जायची आणि डोक्यावर भारा घेऊन परत यायची, तिच्याबद्दल मी हे सांगत होते. पण त्या आठवड्यात पेपरात आमचा फोटो आला, तो माझ्या धाकट्या भावानं, नवनाथनं तिला दाखवला, आणि ती करमाळ्याहून एकटीच एसटीत बसून आली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की ती हॉलमध्ये आहे आणि आज स्टेजवर संबळ वाजणार आहे.

आमचा नाच कंटेम्पररी होता, चौतीस मिनिटांचा. केतकीताई दामलेंनी तो बसवला होता. त्या बाहेरच्या देशात सहा वर्षं शिकून आल्या होत्या. तोवरचे आमचे सगळे नाच रेकॉर्डवर व्हायचे. या वेळी त्यांना वाद्य समोर हवं होतं, वाजवणारा माणूस आमच्याबरोबर स्टेजवर उभा हवा होता. म्हणून त्या बार्शीकडे जाऊन अंबादास रेणके यांना घेऊन आल्या. काका पन्नाशीचे, पिढीजात गोंधळी. कमरेला बांधलेला जोडसंबळ आणि हातात दोन काठ्या, एक सरळ, एक टोकाला वळलेली. पहिल्या दिवशी ते दाराशीच चपला काढून उभे राहिले आणि आमच्या काळ्या मॅटला हात लावून नमस्कार करून मगच आत आले.

त्या पहिल्याच रिहर्सलला माझं काहीतरी झालं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आम्ही नेहमीसारखे गोल फिरत होतो. दहाएक मिनिटं झाली असतील. टाचांतून एक कापरं वर चढायला लागलं. गुडघे, मांड्या, मग पाठ. मानेच्या मागे गरम झालं, दात एकमेकांवर घट्ट बसले आणि माझं डोकं आपोआप डावी-उजवीकडे झुलायला लागलं. केतकीताई लांबून म्हणाल्या, “हेच हवंय मला. जयमाला, हे सोडू नकोस.”

मी सरळ बाथरूममध्ये गेले आणि नळाखाली डोकं धरलं. आरशात बघायचं धाडस झालं नाही.

कारण ते झुलणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या घरी दर नवरात्रात, अष्टमीला, गोंधळी यायचे. संबळ लागला की आईच्या अंगात वारं यायचं. एरवी जिचा आवाज चुलीपाशीही ऐकू यायचा नाही, ती केस सोडून घुमायला लागायची. कपाळभर हळद-कुंकू, डोळे वर गेलेले, घशातून पुरुषासारखा आवाज. गल्लीतली माणसं दाटीवाटीनं उभी राहायची. बाया तिच्या पायांवर पाणी घालायच्या, प्रश्न विचारायच्या. माझे वडील, ज्यांना सगळी गल्ली घाबरायची, ते तिच्या पायांवर डोकं ठेवायचे. मी कोपऱ्यात डोळे मिटून, कानांत बोटं घालून बसलेली असायची. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मुली आपापल्या वेण्या सोडून माझ्यासमोर घुमून दाखवायच्या. बाई हसू दाबत रागवायच्या. आठवी, नववी, दहावी, तीन वर्षं मी हे सोसलं. बारावीनंतर पुण्याला आले ती पुन्हा नवरात्रात कधी गावी गेले नाही. घरी हा विषय मी काढू द्यायची नाही. नवनाथनं एकदा काढला तेव्हा त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

पहिल्या रिहर्सलनंतर मी केतकीताईंना म्हणून पाहिलं, की काकांचं वाजवणं रेकॉर्ड करून घेऊ, म्हणजे रोज मोजूनमापून एकसारखं मिळेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढे बोलले नाही. मग मी एक युक्ती काढली. नाचताना मनातल्या मनात आकडे मोजायचे. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. आकडे कानांत भरून ठेवले की संबळ आत शिरत नाही. नाच जरा ताठ व्हायचा, पण चुकायचा नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्या सोडून.

एकदा चहाच्या वेळी ते माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, “ताई, तुम्ही संबळ ऐकत नाही. पावसात माणूस वळचणीनं चालतं ना, तसं त्याच्या कडेकडेनं चालता.” आणि मग आवाज उतरवून, “घरात कुणाला वारं येतं का?”

मी नाही म्हटलं. काकांनी “बरं” म्हटलं आणि बशीत चहा ओतला.

आणि आता आई तिसऱ्या रांगेत होती. शेवटच्या नऊ मिनिटांत काका लय चढवत चढवत कुठल्या कुठे नेऊन ठेवायचे. मला आता स्वतःची भीती वाटत नव्हती, मी आकडे मोजले असते. पण आईला कोण आकडे मोजायला सांगणार? माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं आधीच घडत होतं. अंधाऱ्या हॉलमध्ये कोणीतरी ओरडतं, दिवे लागतात, आई खुर्च्यांच्या मधल्या वाटेत केस सोडून घुमते आहे, ती कॉलेजातली मुलगी बाजूला सरकते आहे, कोणी हसतंय, कोणी मोबाइल काढलाय. पहिल्या रांगेत बेंगळुरूच्या महोत्सवाचे दोघे बसले होते, खास आमची निवड करायला आलेले. आणि मग तन्वी मला विचारणार, या तुझ्या आई का गं?

मी विंगेत गेले. काका संबळाच्या दोऱ्या ताणून बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सहा आठवड्यांपूर्वी नाही म्हटलं होतं तेही कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, वारं आलं तर आलं, त्यात घाबरायचं काय, पायांवर पाणी घालायचं, बाई आपोआप शांत होते. आणि असंही म्हणाले की देवीची चाल ते इथं वाजवतच नाहीत. ती घराण्याची चाल, ती स्टेजवर वाजवायची नसते. केतकीताईंसाठी त्यांनी वेगळी बांधली आहे.

“मग तिला येणार नाही ना?” मी विचारलं.

“अंगाला काय कळतंय ताई, कुठली चाल ते.”

घंटा झाली. मी त्यांचा हात धरला. एवढंच मागितलं, की शेवटच्या भागात मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं तर लय उतरवायची. काहीही न विचारता उतरवायची.

काकांनी हातातल्या काठ्यांकडे पाहिलं. लय मध्येच उतरवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काय होतं ते मला कळत होतं. शेवटी म्हणाले, “तुम्ही बघितलं की मी उतरवतो.”

पहिली पंचवीस मिनिटं बरी गेली. मी आकडे मोजत होते आणि जिथे तोंड प्रेक्षकांकडे यायचं तिथे तिसऱ्या रांगेकडे बघत होते. स्टेजवर अंधार असायचा तेव्हा ती दिसायची नाही, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटच्या भागाला सगळे पांढरे दिवे लागले. पुढच्या चार-पाच रांगांवर उजेड गेला. आई स्पष्ट दिसली. ती आता खुर्चीच्या कडेला बसली नव्हती. पाठ टेकून, पिशवीवर दोन्ही हात ठेवून, ताठ बसली होती. पापणी हलत नव्हती.

काकांनी लय चढवली. एक ते आठ, एक ते आठ. मी मधोमध, बाकीचे चौघे माझ्याभोवती. चौथ्या मिनिटाला आईचं डोकं थोडं हललं. पाचव्या मिनिटाला पदर खाली आला. मी मोजायचं विसरले. वळले, पुन्हा वळले, दर वळणाला तिच्याकडे बघत होते. सहाव्या मिनिटाला आईचा हात मानेमागे गेला. अंबाड्यात बोटं घातली. आणि केस सुटले.

मी काकांकडे पाहिलं.

त्यांनी लय उतरवली. एका ठोक्यात, विहिरीत बादली सोडावी तशी. आमच्यातल्या निहालनं त्याच वेळी तन्वीला वर उचलून भिरकावलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं मी तिला धरायचं होतं. ठोका नव्हता म्हणून मी थांबले होते. तन्वी गुडघ्यांवर पडली. तो आवाज हॉलभर ऐकू आला. काकांनी पुन्हा लय धरली, चढवली, पण आम्ही पाचहीजण पाच ठिकाणी होतो. उरलेली तीन मिनिटं आम्ही कशी काढली मला आठवत नाही. टाळ्या पडल्या, रीत म्हणून वाजवतात तशा.

तिसऱ्या रांगेत आई केसांचा अंबाडा घालून, पदर डोक्यावर घेऊन बसली होती. टाळ्या वाजवत होती.

मेकअपच्या खोलीत तन्वीच्या गुडघ्यावर बर्फ धरला होता. फार लागलं नव्हतं. केतकीताई आल्या. त्या ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची. बेंगळुरूचे लोक न भेटताच गेले, असं त्यांनी सांगितलं. मग काकांना म्हणाल्या की उद्याच्या प्रयोगाला आपण रेकॉर्ड वापरू, रिहर्सलची आहेच, तुम्ही उद्या नाही आलात तरी चालेल. अगदी नम्रपणे म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खाली बसून ते संबळ फडक्यात गुंडाळायला लागले. गाठ मारली, सैल वाटली म्हणून सोडली, पुन्हा मारली.

मला वाटलं, ते जातील. उद्या रेकॉर्ड लागेल, आकडे मोजायची गरज उरणार नाही, सगळं माझ्या मनासारखं होईल. हे मला खरोखर वाटलं. आता त्याला चौदा वर्षं झाली, पण त्या दोन-तीन मिनिटांत मी गप्प बसून काय विचार करत होते ते मी अजून विसरलेले नाही.

तेवढ्यात दारात आई उभी राहिली. पिशवी पोटाशी धरून, आत यावं की नाही अशी. कोणीतरी विचारलं, कोण हवंय आपल्याला? ती म्हणाली, “मालू माझी.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काका गाठ मारून उठले. आणि मी बोलले. म्हटलं, “काकांची चूक नाही. मी त्यांना लय उतरवायला सांगितलं होतं. माझ्या आईच्या अंगात येतं. संबळ ऐकला की येतं. ती इथं घुमायला लागेल म्हणून मी घाबरले.”

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं, आणि तेही ती समोर उभी असताना. आईनं मान खाली घातली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

केतकीताई हळूच पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं होतं. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली, आणि हे सगळं आपल्याला फार महत्त्वाचं वाटतं असं म्हणून विचारलं, आई कधी थोडंसं करून दाखवतील का.

“ते करून दाखवायचं नसतं, बाई,” आई म्हणाली. मग काकांकडे वळली. “कुठलं गाव, भाऊ?”

“बार्शीकडचे.”

“हात चांगला आहे तुमचा. मधीच का सोडलंत?”

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. म्हणाले, “उद्या नाही सोडणार, आक्का.” केतकीताईंनी मान डोलावली, आणि काकांनी फडकं सोडून संबळ पुन्हा खुंटीला टांगला. मला कळलं की ते येणार आहेत.

साडेसहाची करमाळ्याची गाडी होती. मी आईला स्टँडवर सोडायला गेले. राहा म्हटलं तर म्हणाली, म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाही. स्टँडवर बाकावर बसल्यावर मी विचारलं, तिनं केस का सोडले होते.

“पिन टोचत होती मानंला. सकाळपासनं अंबाडा घट्ट होता.”

मला हसूही येईना आणि रडूही. मी म्हटलं, “मला वाटलं, तुला वारं आलं.”

“ते थांबलं की. तुझे वडील गेले त्या सालापासनं. पाच वर्षं झाली. नवनाथनं सांगितलं नाही व्हय तुला?”

नवनाथला मी बोलू दिलं असतं तर सांगितलं असतं. मी विचारलं, का थांबलं. आई समोरच्या गाड्यांच्या पाट्या बघत होती. तिला वाचता यायचं नाही, तरी बघत होती.

“आता कुणाला सांगायचंय?” ती म्हणाली.

मग जरा वेळानं स्वतःच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. म्हणाली, वर्षातला तो एक दिवस. बाकी मी काय बोलले तरी तुझ्या वडलांच्या कानावर जायचं नाही, हात तेवढा उठायचा. त्या दिवशी मात्र माझ्या पायाशी बसून ऐकायचे. वर्षभराचं मी साठवून ठेवायची. नवनाथला शाळेतनं काढू नको. विहिरीवरची जमीन विकू नको. आणि असंच सहज, पिशवीचे बंद सारखे करत, सांगितलं, “दहावीनंतर तुला वाशिंब्याला द्यायचं ठरलं होतं.”

मला हे माहीत नव्हतं. मी सोळा वर्षांची होते तेव्हा.

“सुपारी फुटायची होती. बिजवर होता. चाळिशीचा.”

“मग?”

“मग नवरात्र आलं.”

गाडी लागली. माणसं दाराशी लोटली. आई उठली, पदर खोचला. मी तिची पिशवी घेऊन मागे चालले होते, आणि मला विचारल्याशिवाय राहवेना. भोवती इतकी माणसं होती, तरी विचारलं.

“आई, ते खरं असायचं का?”

ती पायरीवर एक पाय ठेवून थांबली. विचार करत होती असं वाटलं. कंडक्टर म्हणाला, मावशी, चला आत. आई म्हणाली, “काय की. दुसऱ्या दिवशी अंग लई दुखायचं. ते खरं.” आणि आत चढून खिडकीपाशी जागा मिळते का ते बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाआधी काकांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. प्रेक्षक कमी होते, अर्धा हॉल रिकामा. तन्वीच्या गुडघ्याला पट्टी होती. शेवटच्या भागाला मी आकडे मोजले नाहीत. जे चढायचं ते टाचांतून चढलं, मानेपर्यंत आलं, आणि मी नाचत राहिले. तन्वी वरून आली ती नेमकी माझ्या हातांत. काकांनी लय जिथे न्यायची तिथे नेली आणि तिथेच संपवली. बेंगळुरूला आम्हाला कोणी बोलावलं नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. तो नाच आम्ही पुढे लहानलहान गावांत तेवीस वेळा केला, आणि काका तेवीसही वेळा आमच्याबरोबर उभे होते.

त्या दुसऱ्या दिवशी प्रयोग संपल्यावर मी नवनाथच्या फोनवर फोन लावला आणि आईला बोलाव म्हटलं. तिला फोनवर बोलायची सवय नव्हती. लांबून ओरडल्यासारखं बोलायची.

“झाला का नाच?”

“झाला.”

“त्यांनी सोडलं नाही ना मधी?”

“नाही सोडलं.”



“अंग दुखतंय का?”

“दुखतंय गं. पाऊल उचलत नाही.”

“मग झालं तर,” आई म्हणाली. “गरम पाण्यानं शेक,” आणि फोन नवनाथकडे दिला.